पांढऱ्या शर्टासमोर

बंद पडलेल्या इंजिनांचे किस्से आमच्या अमरावतीच्या हँगरमध्ये ढिगानं साठलेत. त्यात हसू जास्त येतं, कारण सांगायला वाचलेली माणसंच येतात. मी इथं शिकाऊ पायलटांच्या विमानांची इंजिनं सांभाळतो. मला उरलेलंही माहीत आहे.

*

दिवाळीच्या सुट्टीनंतर एक विमान बाहेर काढलं. धावपट्टीपर्यंत गेलं आणि इंजिन गप्प. टाकीत हवा जाते ती नळी कुंभारमाशीनं चिखलानं लिंपून टाकलेली! हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना.

"सुट्टी आपल्याले होती, तिले नव्हती," आमचे इन्स्ट्रक्टर वानखडे सर म्हणाले. तेव्हापासून उडण्याआधी सगळे प्रत्येक नळीत डोकावून बघतात.

*

अकोल्याहून परतणाऱ्या एका पोराचं इंजिन धावपट्टीच्या तोंडाशीच थांबलं. उतरला कसाबसा.

"सर, काटा तर अर्धी टाकी दाखवून राहिला!"

"काट्याले काय जाते? त्याले कुठं घरी जायचं हाय?"

आता टाकीत काठी बुडवून मोजल्याशिवाय कुणी विमानात बसत नाही.

*

पावसाळ्यात सर कार्ब्युरेटरमध्ये, पेट्रोलची वाफ होताना दमट हवा गोठून साठणाऱ्या बर्फाबद्दल शिकवत होते. मोर्शीचा एक पोरगा हसला, "अमरावतीत बर्फ?"

त्याच दिवशी उतरताना, पॉवर कमी केल्यावर, इंजिन खोकायला लागलं. शेजारी बसलेल्या सरांनी गरम हवेचा दांडा ओढला. इंजिन आणखीच थरथरलं, मग सावरलं.

"आता हास," सर म्हणाले. पोरगा खाली उतरून बराच वेळ पंखाखाली बसून होता.

*

पुढचं सांगताना आमच्यात कुणी हसत नाही.

आमचं पेट्रोल निळसर असतं. पाणी शिरलं तर ते टाकीच्या तळाशी बसतं, म्हणून उडण्याआधी खालून थोडं पारदर्शक कपात काढून बघायचं. त्या सकाळी सरांनी कप आभाळाकडे धरला. निळं दिसलं. तो रंग आभाळाचा होता, कपात नुसतं पाणी होतं.

धावपट्टी सुटताच इंजिन बंद पडलं. समोरच्या ओल्या काळ्या रानात चाकं रुतली आणि विमान उलटलं. सर पाय मोडून वाचले. शेजारी बसलेला वरूडचा निखिल गेला.

सर पुन्हा उडाले नाहीत. पण रोज सकाळी धुतलेला पांढरा शर्ट घालून लंगडत येतात आणि विमानाजवळ उभे राहतात. "कप माह्या शर्टासमोर धरा. आभाळाकडं नाई."

*

निखिलची धाकटी बहीण पल्लवी यंदा शिकायला आली. त्यावरून आई तिच्याशी बोलत नाही. परवा ती पहिल्यांदा एकटी उडणार होती. मला तिथं थांबवत नव्हतं, तरी थांबलो.

तिनं टाकीखालून पेट्रोल काढलं आणि कप सरांच्या शर्टासमोर धरला. सरांचे खांदे हलत होते.

"सर, निळं हाय ना?"

"मले दिसून नाई राहिलं, बाई. तूच पाह."

"मग हालू नका, सर."