श्रावणातले हेडफोन

इसम नामे श्रीशैल बसवणप्पा मेनकुदळे, वय अंदाजे अडतीस, धंदा डाळमिलमध्ये मशीन ऑपरेटर, राहणार मुरुड, तालुका व जिल्हा लातूर. बांधा मजबूत, रंग सावळा, मिशी राखलेली. गळ्यात इष्टलिंग, डोक्यावर हेडफोन. हेडफोन काळे, बिनतारी, बाहेरचा आवाज मारणारे. सदर इसम तापट स्वभावाचा असून त्याच्यापासून सार्वजनिक शांततेस धोका संभवतो.

शांततेचं आणि श्रीशैलचं वाकडं होतं असं कुणी म्हणू नये. उलट त्याच्याइतकी शांतता मुरुडमध्ये कुणालाच नको होती. ती मिळावी म्हणूनच तो लोकांना मारायचा.

लातूरच्या मिलमध्ये दिवसभर तूर भरडली जायची. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानात तोंड घालावं लागायचं. तिथं श्रीशैल गरीब गाईसारखा. यंत्राचा आवाज त्याला आवाज वाटतच नसे. ते बिचारं आपलं काम करतंय, एवढंच. पण माणसानं विनाकारण केलेला आवाज कानात शिरला की तो थेट उजव्या हातात उतरायचा. मध्ये डोकं लागत नसे.

सकाळच्या मुरुड-लातूर एसटीत असे आवाज भरपूर. कुणी लग्नाचं जमवतंय, कुणी मोबाइलवर कीर्तन लावलंय, कुणी व्हिडिओ बघतंय. कापडाच्या दुकानात नोकरीला जाणारा ग्यानोबा एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघायचा. त्यात एक माणूस घसरून शेणात पडायचा आणि दुसरा खदाखदा हसायचा. गेल्या उन्हाळ्यात एके सकाळी श्रीशैलनं ग्यानोबाचा मोबाइल घेतला आणि खिडकीबाहेर टाकला. "मोबाइल कुटाय माझा?" असं ग्यानोबा विचारायला लागला, तर तोही आवाजच झाला. म्हणून श्रीशैलनं त्याच्या तोंडावर बुक्की मारली. समोरचा एक दात गेला. तेव्हापासून ग्यानोबा 'स' म्हणताना शीळ वाजवायचा, म्हणजे आवाजात भरच पडली.

पुन्हा असं करणार नाही म्हणून पोलीस ठाण्यात लिहून द्यावं लागलं. ते त्यानं दिलं. पण ते बसपुरतं, असा त्याचा समज झाला असावा.

कारण नंतर एका रविवारी घरात अंबिका मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी वाटत होती. श्रीशैल माडीवर पडला होता. तिथून ओरडला, "बंद कर ते!" मिक्सर चालूच. पुन्हा ओरडला. मिक्सर चालूच. मग तो ओरडला नाही, खाली आला. त्यानं बायकोच्या कानाखाली अशी ठेवली की तिचं कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं. भुवई फुटली. रक्त ओट्यावरून ओघळत भांड्यापर्यंत गेलं आणि चटणी टाकून द्यावी लागली. अंबिकेनं मिक्सर बंद केला, कपाळाला फडकं बांधलं, पोरीला, अक्षराला, उठवलं आणि निलंग्याची गाडी पकडली.

निलंग्यात तिचे वडील महादेवप्पा आडत चालवायचे. समाजात त्यांच्या शब्दाला वजन. हमालांच्या पाठीला त्यांच्या हाताचंही वजन माहीत होतं, पण ते पंचांच्या बैठकीत कुणी काढत नसे. श्रीशैल न्यायला गेला तेव्हा अप्पांनी त्याला ओसरीवरच बसवलं.

"हे बघ," ते म्हणाले, "श्रावण लागतोय. लोक श्रावणात मटण सोडतेत, दारू सोडतेत. आपण ते खातच न्हाई, पितच न्हाई, मग आपल्याला सोडायला काय उरलं? तू हात टाकणं सोड. सबंध श्रावण. कुणावर न्हाई, घरात न्हाई, गाडीत न्हाई. मग पोरगी घेऊन जा."

"आन कळणार कसं तुम्हाला?"

"तुमच्या गाडीची कंडक्टर हाय की. महानंदा. तिची मावशी हिथं आमच्या गल्लीत ऱ्हाती. तिनं सांगितलं हात उठला, की झालं. पोरगी कायमची हिथं."

अंबिका दाराआड उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी श्रीशैल लातुरात गंजगोलाईतल्या एका दुकानात गेला. आवाज येणार नाही असं कानाला लावायचं काहीतरी द्या म्हणाला. दुकानदारानं काळे हेडफोन काढले, घालायला दिले आणि कसलंसं बटण दाबलं. छताचा पंखा फिरताना दिसत होता पण घरघर गेली. रस्त्यावरच्या रिक्षा दिसत होत्या पण फटफट गेली. श्रीशैलच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. तेवढ्यात दुकानदाराचा आवाज स्वच्छ, खणखणीत ऐकू आला, "इंजिन, पंखा, सगळं खाऊन टाकतंय बघा, साहेब. माणसाचं बोलणं तेवढं जरा राहतंय."

म्हणजे यंत्राचा आवाज जायचा आणि माणसाचा उरायचा. श्रीशैलला नेमकं उलटं हवं होतं.

"त्याच्यावर गाणं लावा की मग," दुकानदार म्हणाला. "माणूसबी जातंय."

त्यानं आधी बासरी लावून बघितली. बासरीच्या फटीफटीतून ग्यानोबाची शीळ यायला लागली. मग मिलमधल्या एकानं त्याच्या मोबाइलवर जत्रेतल्या हलगीचं रेकॉर्डिंग टाकून दिलं. चार हलग्या आणि एक संबळ, सगळे जिवावर उठल्यासारखे बडवताहेत. ते लावल्यावर श्रीशैलच्या चेहऱ्यावर समाधी लागलेल्या माणसाची कळा आली. दुसरं कुणीतरी कशाला तरी यथेच्छ मारतंय म्हटल्यावर त्याच्या हाताला बहुधा गरज उरली नसावी.

श्रावण लागला. श्रीशैल गाडीत चढायचा, खिडकी धरायचा, हेडफोन चढवायचा, पास मांडीवर उघडा ठेवायचा आणि डोळे मिटायचा. लातूरला उतरताना हेडफोन मानेवर घेऊन विचारायचा, "ताई, आजचं?"

"आजचं खाली हाय, भाऊ," महानंदा म्हणायची. "हात खाली."

त्याला काही ऐकू येत नाही, हा शोध ग्यानोबानं लावला. एकदा मागच्या बाकावरून त्यानं भीत भीत हाक मारली, "ए मेनकुदळ्या!" काही नाही. "ए, तुझ्या मिशीला शेण लागलंय!" काही नाही. मग ग्यानोबा उभाच राहिला. "ए बायकूमाऱ्या! तुझी बायकू पळाली निलंग्याला!" सगळी गाडी श्वास रोखून बघत होती. श्रीशैल हलगीच्या ठेक्यावर मान डोलावत होता, म्हणजे कबूलच करत होता.

गाडीत हशा फुटला. पुढच्या बायकांनी तोंडाला पदर लावले, ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. त्या दिवसापासून मुरुड ते लातूर हा प्रवास सगळ्यांना जवळचा वाटू लागला. ज्याला ज्याला श्रीशैलनं कधी डोळे वटारले होते, गचांडी धरली होती, जागेवरून उठवलं होतं, तो त्याच्या तोंडासमोर उभा राहून मनातलं बोलून घ्यायचा. पुढं पुढं बोलण्यानं भागेना. एकानं टपली मारली. श्रीशैलनं डोळे उघडले, मागं बघितलं. सगळे खिडकीबाहेर बघत होते. त्यानं पुढच्या बाकाचा दांडा मुठीत धरला आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी दोघांनी मारल्या. मग कुणी चपलेवर गुटखा थुंकला, कुणी गर्दीत कोपर बरगडीत रुतवलं, कुणी उतरता उतरता मानगुटीत दणका घातला. हेडफोन घातलेल्या माणसाला मारसुद्धा ऐकू येत नाही असा लोकांचा समज झाला होता.

मार त्याला नीट लागत होता. मिलमध्ये शर्ट काढला की पाठीवर निळे डाग दिसायचे. पण दांडा सुटला नाही.

"अवं, जरा लाज धरा," एकदा महानंदा म्हणाली. "देवाचा म्हैना हाय."

"आमी कुटं श्रावण पाळलाय, ताई?" ग्यानोबा म्हणाला. "पाळलाय त्यानं."

शेवटचा सोमवार आला. आदल्या दिवशी महादेवप्पा मुरुडला पाहुण्यांकडं मुक्कामाला आले होते. सोबत अंबिका होती. लातूरला काम आहे म्हणाली म्हणून आणली. नवऱ्याला बघायचं असेल, असं अप्पांनी मनाशी धरलं. अक्षरा आजीजवळ निलंग्यालाच होती. सकाळी दोघं त्याच गाडीत चढले. अंबिका पुढं बायकांत बसली. अप्पा मागं गेले आणि जावयाच्या शेजारी येऊन उभे राहिले.

आता इथं रीत सांगायला हवी. थोरल्याला बघून धाकट्यानं आधी हात जोडायचे, 'शरणार्थ' म्हणायचं. थोरल्यानं उलट शरणार्थ म्हणायचं. थोरला आपणहून आधी म्हणाला, तर तो मोठेपणा खाली ठेवून आला असं समजायचं. महिनाभराच्या खबरा ऐकून अप्पांचं मन खरंच पाघळलं होतं. त्यांनी छत्री काखेत धरली, दोन्ही हात जोडले आणि भरल्या गाडीत मोठ्यानं म्हणाले, "शरणार्थ, जावईबापू!"

श्रीशैल डोळे मिटून मान डोलावत होता.

"शरणार्थ!" अप्पा पुन्हा म्हणाले. त्यांचे जोडलेले हात तसेच हवेत.

ग्यानोबाला खरी गोष्ट ठाऊक होती. ती सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्यानं दुसरं वाक्य निवडलं. "असंच करतंय ते, अप्पा. सासऱ्याचं नाव काढलं की डोळं मिटतंय."

अप्पांनी हेडफोन ओढून काढले आणि त्याच हातानं जावयाच्या कानाखाली आवाज काढला. हमालांना माहीत असलेलं ते वजन होतं. श्रीशैलचं डोकं खिडकीच्या लोखंडावर आपटलं, भुवईपाशी कातडं फाटलं. डोळे उघडायच्या आत त्याचा उजवा हात वर गेला होता, मूठ वळलेली, कोपर मागं खेचलेलं. पुढच्या क्षणी अप्पांचं नाक शिल्लक राहिलं नसतं.

"अप्पा!" पुढून अंबिका ओरडली. "त्यांला ऐकू आलं न्हाई!"

हेडफोन नव्हते म्हणून हे वाक्य त्याच्या कानात पडलं. ते त्याच्या ओळखीचं होतं. त्या रविवारी मिक्सर बंद केल्यावर, भुवईवरचा हात रक्तानं भरलेला असताना अंबिका एवढंच म्हणाली होती, 'मला ऐकू आलं न्हाई.' तो आवाज तेव्हा त्यानं विनाकारण केलेल्या आवाजात धरला होता.

वळलेली मूठ उघडली. हात खाली आला आणि त्यानं पुढच्या बाकाचा दांडा धरला.

यानं अप्पांचं समाधान झालं नाही. हात उचलून खाली घेणं म्हणजे त्यांना आणखी एक अपमान वाटला. त्यांनी छत्री चालवली. दांड्याला माणूस बांधून ठेवल्यासारखा बसलेला बघून बाकीच्यांचाही धीर चेपला. श्रावण संपत आलेला. नंतर ही सोय मिळणार नव्हती. कुणी केस धरले, कुणी बाकावर चढून लाथ घातली. ग्यानोबानं जेवणाचा स्टीलचा डबा घेतला आणि दांड्यावरच्या बोटांवर घालायला लागला. "दात," तो शीळ वाजवत म्हणत होता, "घे. घे माझा दात." डब्याचं झाकण उडालं, वरण सगळ्यांच्या अंगावर सांडलं. बोटं काडकन वाजली. श्रीशैलच्या तोंडातून रक्ताची लाळ गुडघ्यावर गळत होती. सुटू लागलेल्या उजव्या हातावर त्यानं डावा हात दाबून धरला.

अंबिका गर्दीत घुसली, तर तिलाही कोपर बसलं. महानंदानं टिकिटाचं मशीन ग्यानोबाच्या टाळक्यात हाणलं आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "घ्या, गाडी ठाण्याला घ्या!"

गाडी सगळ्या प्रवाशांसकट ठाण्याच्या आवारात जाऊन उभी राहिली. तोवर मारणारे प्रेक्षक झाले होते. जमादारानं विचारलं, कुणी मारलं? कुणी बघितलं नव्हतं.

"ह्यानं हात उचलला का?" जमादारानं श्रीशैलकडं बोट केलं.

"उचलला," महानंदा म्हणाली. "टाकला न्हाई."

महादेवप्पांनी मोडकी छत्री भिंतीला टेकवली. दम लागला होता, पण शब्दाचा माणूस. "अट पाळली गड्यानं," ते म्हणाले. "माझा शब्द म्हंजे शब्द. घेऊन जा पोरीला."

अंबिकेनं ओढणीची कड फाडली. श्रीशैलची वाकडी झालेली बोटं तिनं एकाला एक लावून घट्ट बांधली. तो कण्हला. ती थांबली नाही.

"अट कुणी घातली होती, अप्पा?"

"मी. ह्याला."

"मग तुमी दोघं बघा," ती म्हणाली आणि पिशवी उचलली. "मला औसा रोडला जायचंय. उशीर झालाय."

"कशाला?" श्रीशैलनं फुटक्या ओठांनी विचारलं.

"पोरींच्या होस्टेलवर. आजपसून कामावर रुजू व्हायचंय."

"मग संध्याकाळी मी न्यायला..."

"ऱ्हायचंबी तिथंच हाय."

दोन्हीकडचे प्रतिष्ठित पुरुष बोलावून घेतले आणि जमादारासमोर त्यांच्या सह्या झाल्या. श्रीशैलनं डाव्या हाताचा अंगठा दिला. जमादारानं नोंद केली, ती अशी: सासरे व जावई यांचेमध्ये मानपानावरून किरकोळ शाब्दिक बाचाबाची होऊन प्रकरण आपसात मिटले. कोणाचीही कोणाविरुद्ध तक्रार नाही. पत्नी नामे अंबिका ही राजीखुशीने पतीकडे नांदावयास गेली आहे.

अंबिका औसा रोडच्या होस्टेलवर राहते. अक्षरा तिच्याजवळ आहे.