मोडीतलं पिस्तूल आणि अमरगोळची मिरची

मिरचीच्या अडतीत बसणाऱ्या माणसाला दोन गोष्टी फुकट मिळतात, शिंका आणि किस्से. शिंक येऊन जाते, किस्सा मात्र घरी घेऊन यावा लागतो. हुबळीजवळच्या अमरगोळच्या बाजार यार्डात जन्म गेला, त्यामुळं माझ्याकडं साठा भरपूर. पण चार माणसं जमली की फर्माईश एकच, "सावकार, ते पिस्तुलाचं सांगा की!"

सांगतो. पिस्तूल निमित्ताला होतं, हे मात्र आधीच सांगून ठेवतो. खरी भानगड माणसांची आहे.

*

एका बाजाराच्या दिवशी संध्याकाळी मी यार्डातून हुबळीत देशपांडे नगरला घरी येत होतो. वाटेतल्या मोरीजवळ दोघांनी स्कूटर अडवली, रोकडीची पिशवी हिसकली आणि पसार झाले. मला गुडघ्याला खरचटलं, बस्स.

पैसे गेल्याचं दुःख हळूहळू ओसरलं. भीती मात्र जाईना! बाजाराचा दिवस उजाडला की हात थरथरायचे, चहा बशीत सांडायचा. आजोबा मिरजेहून येऊन अडत घालून बसले, वडिलांनी ती वाढवली आणि मी ती मेहुण्याच्या गळ्यात बांधून घरी बसायच्या बेतात होतो. बायको म्हणाली, "घरी बसून काय करणार? वाती वळणार?"

मग पिस्तुलाचं लायसन्स काढलं. नवीन पिस्तुलाची किंमत ऐकून हात आणखी थरथरला. बंदुकीच्या दुकानदारानं हळूच सांगितलं, "सावकार, लष्करानं मोडीत काढलेलं एक आलंय. बत्तीस बोअरचं. जुनं हाय, पण मिल्ट्रीचा माल! नातवापर्यंत बघायला नको."

घेतलं. उघडून बघतो तर सगळं पिवळट घट्ट ग्रीसमध्ये बुडवलेलं. बायकोनं वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे कुठल्या लोणच्याच्या बरणीतनं काढलंय?"

ग्रीस काही केल्या निघेना. दुकानदार म्हणाला होता, सुटे भाग गरम पाण्यात उकळा. बायको देवळात गेली होती. घरात मोठं भांडं एकच सापडलं, इडलीपात्र. मी सगळे भाग त्यात घातले आणि झाकण लावून बसलो. ती परत आली, तेव्हा स्वयंपाकघरभर पेट्रोलपंपासारखा वास!

तिनं झाकण उचललं. आत बघितलं. माझ्याकडं बघितलं.

"शिजलंय का? की अजून एक वाफ देऊ?"

स्वस्तातल्या पिस्तुलापायी नवीन इडलीपात्र आणावं लागलं.

*

नवनगरच्या पलीकडं जुन्या खाणीत आमच्या रायफल क्लबचं रेंज होतं. रेंज म्हणजे मातीचा उंच बांध आणि पुढं लाकडी चौकटीवर कागद. रविवारी सकाळी तिघं हमखास असायचे. बसप्पाअण्णा, लष्करातले निवृत्त सुभेदार, रेंजवर त्यांचा हुकूम. डॉक्टर, आमच्या देशपांडे नगरातलेच, दवाखाना चालणारा आणि तोंड त्याहून चालणारं. आणि सुशीलाअक्का, मोठ्या दवाखान्यात नर्स, सगळ्यांत चांगला नेम तिचा. तिचं माहेर बेळगावचं. बुद्धपौर्णिमेला खीर तिच्याकडं आणि दसऱ्याला फराळ माझ्याकडं, हे पुढं ठरूनच गेलं.

पहिल्या दिवशी अण्णांनी सांगितलं, "तोंड कायम बांधाकडं. मी सांगेपर्यंत बोट घोड्यावर नाही. बाकी मग शिकू."

मी पिस्तूल उचललं. हात असा हलायला लागला की पिस्तूल कुणाला तरी 'नको, नको' म्हणतंय असं वाटावं. कशाबशा पाच गोळ्या झाडल्या. जाऊन बघतो तर कागद कोरा!

डॉक्टर म्हणाले, "वा, सावकार! व्यापारी माणूस. पुढच्या रविवारी हाच कागद परत वापरता येईल."

तेवढ्यात शेजारून अक्का ओरडली, "अण्णा, मी पाचच मारल्या, माझ्या कागदावर सहा भोकं कशी?"

सगळे माझ्याकडं वळले. अण्णा गंभीरपणे म्हणाले, "सावकारांचा माल शेजारच्या दुकानात उतरलाय."

त्या दिवशी मी पोट धरून हसलो. चोरी झाल्यापासून असा हसलोच नव्हतो.

*

रेंजनंतर चुरमुऱ्यांचं तिखट गिरमिट आणि मिरची भजी, हा नेम चुकायचा नाही. अण्णा मात्र कोरे चुरमुरे घेऊन बाजूला बसायचे. त्यांना अल्सर होता आणि डॉक्टरांनी तिखट पार बंद केलं होतं. डॉक्टर मुद्दाम त्यांच्यासमोर भजं मोडून वाफ सोडायचे. अण्णा म्हणायचे, "हौद्री, बरोबर हाय, खा खा. फौजेत असता तर तुम्हाला भज्यासकट पळवलं असतं."

पण देवाचा न्याय असतो बघा! कानठळ्या बसू नयेत म्हणून अक्का सगळ्यांना कानात घालायला कापूस द्यायची. एका रविवारी डॉक्टरांना तातडीचं बोलावणं आलं. ते रेंजवरून तसेच पेशंटच्या घरी पोचले. स्टेथोस्कोप लावला. ऐकू येईना. जागा बदलली. तरी काही नाही. डॉक्टरांचा चेहरा उतरला, तो बघून पेशंटच्या बायकोनं पदर तोंडाला लावला, आणि एका म्हातारीनं तर सूर धरला.

शेवटी पेशंटच उठून बसला. डॉक्टरांच्या कानाकडं बोट दाखवून म्हणाला, "डॉक्टर, आधी तो कापूस काढा!"

पुढच्या रविवारी अण्णांनी कोऱ्या चुरमुऱ्यांचा बकाणा मोठ्या चवीनं भरला.

*

माझा हात कसा थांबला, ते सांगायला हवं. अक्कानं थांबवला. ती म्हणाली, "दादा, मी नवी असताना सुई टोचायला भ्यायची. हात हलायचा. मोठ्या सिस्टरनं सांगितलं, हाताला थांब म्हणू नको, श्वास सोड. तो थांबला की हात आपसूक थांबतो. चला, सोडा श्वास."

महिनोन् महिने ती माझ्या शेजारी उभी राहून नुसतं "सोडा" म्हणायची. एकदाही कंटाळली नाही. एका रविवारी पाचही गोळ्या माझ्या स्वतःच्या कागदावर लागल्या. अण्णांनी कागद काढून घडी केली आणि माझ्या खिशात ठेवली. "वहिनींना दाखवा. इडलीपात्राची भरपाई!"

बायकोनं तो देव्हाऱ्यात ठेवला. मी पिस्तूल कमरेला लावून यार्डात परत एकटा जायला लागलो. अडत वाचली!

*

बायकोचा या पिस्तुलावर जीव बसला, त्याचीही गंमत झाली. खंडेनवमीला आमच्याकडं तराजूची पूजा, स्कूटरची पूजा. बायकोनं पिस्तूलही पाटावर मांडलं. मी ते गोळ्या काढून दिलं होतं, काळजी नव्हती. तिनं हळद वाहिली, कुंकू वाहिलं, फटी दिसतील तिथं अक्षता भरल्या आणि वरून पंचामृताचे चार थेंब.

पुढच्या रविवारी एक गोळी सुटली आणि पिस्तूल अडकलं. अण्णांनी ते मोकळं केलं, उघडलं. मधात भिजलेले तांदूळ बाहेर आले. एका मुंगीनंही दर्शन दिलं. मी मान खाली घालून शिव्यांची वाट बघत उभा.

अण्णांनी चिमटीतला तांदळाचा दाणा कपाळाला लावला. म्हणाले, "माझ्या अख्ख्या नोकरीत पिस्तुलाला नैवेद्य कुणी दाखवला नाही. वहिनींना नमस्कार सांगा. आणि फुडच्या वर्षी पूजा पिस्तुलाच्या डब्याची करा म्हणावं!"

*

आता शेवटचा. निवडणूक जाहीर झाली की लायसन्सवाल्यांनी हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायचं असतं. आपल्याकडं निवडणुकांना काय तोटा! पहिल्यांदा पिस्तूल जमा करून आलो त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी बाजार. पिशवीत रोकड, कंबर मोकळी, आणि वाटेत तीच मोरी.

संध्याकाळी दुकान बंद करतोय तोवर दारात बसप्पाअण्णा. "सावकार, किलोभर ब्याडगी बांधा. घरात मिरची संपलीय. आणि हुबळीला भाच्याकडं जायचंय, मागं बसू का?"

माझा जीव भांड्यात पडला. मोरी कधी गेली ते कळलंही नाही, अण्णा मागं बसून फौजेतल्या गोष्टी सांगत होते. मनात म्हटलं, काय योगायोग!

पुढच्या बाजाराला परत मिरची, परत भाचा. त्याच्या पुढच्यालाही. निवडणूक संपली, पिस्तूल परत आलं, अण्णांची खरेदी थांबली. पुढच्या निवडणुकीत परत सुरू! मी डॉक्टरांना म्हटलं, "अण्णांच्या घरी तिखट भारी चालतंय हो." डॉक्टर, ज्यांना गप्प बसणं ठाऊक नाही, ते भज्यात लक्ष घालून बसले. अक्का म्हणाली, "असेल की. वहिनींना आवडत असेल." अशी वर्षं गेली. मी आपला दर वेळी चांगली निवडून मिरची देत राहिलो.

एका दसऱ्याला संध्याकाळी सोनं द्यायला नवनगरला अण्णांच्या घरी गेलो. अण्णा बाहेर कट्ट्यावर बसले होते. आत त्यांच्या बायकोनं, पार्वतीअक्कांनी, मला हाक मारली. "सावकार, जरा इकडं बर्री. तुमच्याशी काम हाय."

त्यांनी कोठीच्या खोलीचं दार उघडलं. फळीवर पत्र्याचे डबे. एकाचं झाकण काढलं, मिरची. दुसऱ्याचं काढलं, मिरची. खाली पोत्यात, मिरची. सगळ्या माझ्याच दुकानाच्या पिशव्या, मी बांधलेली दोरीसुद्धा सुटलेली नव्हती.

"हे घेऊन जावा बघू तेवढं. पीठ ठेवायला जागा राहिली नाही."

"अक्का, वापरली का नाही?"

"आमच्यात तिखट कोण खातंय हो? यांचं पोट तसलं, मला तर वासानंच ठसका लागतोय. दर इलेक्शनला सांगते, नका आणू म्हणून. ऐकतील तर शपथ!"

"आणि अण्णांचा भाचा? तो कसा आहे?"

"कुठला भाचा?" पार्वतीअक्का म्हणाल्या. "यांना बहीणच नाही."

मी बाहेर आलो. इतकी मिरची नाकासमोर, पण शिंक नाही आली. नुसतंच डोळ्यांतून पाणी. अण्णांनी माझ्याकडं बघितलंच नाही. त्यांनी माझ्या हातावर बन्नीची, म्हणजे शमीची, पानं ठेवली आणि दसऱ्याला सगळे म्हणतात तसंच म्हणाले, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोणु." सोनं घ्या, सोन्यासारखे राहू.

मी पानं कपाळाला लावली. अण्णाच पुढं म्हणाले, "सावकार, फुडच्या महिन्यात परत इलेक्शन हाय म्हणं. मिरचीचा भाव काय चाललाय?"