बाटली कानाशी हलवणारे गृहस्थ

बारा वर्षं अपचनाशी संसार केल्यावर मी एन्झाइमच्या कॅप्सूल सुरू केल्या. चार महिने झाले, पोट आहे तिथंच आहे. बायको रोज विचारते, “फरक पडला ना?” मी मान डोलावतो. आज मात्र थकून खरं सांगायचं ठरवलं होतं.

लक्ष्मीबाई नगरच्या दवाखान्यात दर सोमवारी शेजारी बसणारे पंजाबी गृहस्थ याच कॅप्सूल घेतात. किती उरल्या ते कळायला बाटली कानाशी धरून हलवतात. आज विचारलंच, “सच बताइए, फ़ायदा हुआ?”

“मुझे? बिल्कुल नहीं,” ते मरगळल्यासारखे हसले. “पर घरवाली चैन से रोटी खाने लगी है, भाईसाहब।”

घरी बायकोनं फक्त माझंच ताट वाढलं होतं.

“आज बरंच बरं आहे,” मी म्हणालो. “तूही बस.”