टेपकाकांच्या अकरा फुल्या

सर्व संबंधितांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, नोएडातल्या आमच्या सोसायटीतल्या निम्म्याअधिक कमोडांवर नव्वदच्या दशकात एक प्रतिष्ठित, निवृत्त गृहस्थ पूर्ण पोशाखात बसून गेलेले आहेत. घरमालकांच्या संमतीने, आणि बहुतेक वेळा त्यांच्या समक्ष.

ते आमचे टेपकाका. सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. खिशात एकवेळ रुमाल नसेल, मोजायची टेप असायचीच. तेव्हा जो तो नवा फ्लॅट घेत होता, गावाहून आईवडिलांना आणत होता, आणि आईवडील चकचकीत फरशीवर घसरत होते. काका म्हणत, "ब्रोशरमधली माणसं म्हातारी होत नाहीत ना यार, तिथेच घोळ होतो."

त्यांची पद्धत अजब होती. घर म्हाताऱ्यांच्या सोयीचं करून द्यायचं, तर आधी स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांना पंचे करकचून बांधायचे आणि घरभर हिंडायचे, कमोडवरही बसून बघायचे. जिथे अडखळतील तिथे खडूची फुली. आमच्याकडे अकरा फुल्या झाल्या. त्यातली एक माझ्या आरामखुर्चीवर. "ही वाटेत येते," ते म्हणाले. "तूही येतोस."

आईला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली, जीभ शाबूत होती. तिने काकांना एवढंच सांगितलं, "बाथरूमला जाताना कुणाला हाक मारायला लागू नये. बाकी घर पाडलंत तरी चालेल." हाक मारावी लागते म्हणून तिने दुपारचा चहा सोडला होता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

काकांनी बाथरूमच्या दारातला कट्टा फोडला, खडबडीत फरशी घातली, आतल्या आणि बाथरूमपर्यंतच्या वाटेतल्या भिंतींना स्टीलचे दांडे लावले. प्लंबर म्हणाला, "अंकलजी, बाथरूम है या बस?" आई आत जाऊन बसून आली. म्हणाली, "छान झालंय. फक्त दांडा माझ्या गेलेल्या हाताकडे आहे."

काका कानापर्यंत लाल झाले. "स्वतःच्याच हाताने मोजत बसलो," एवढंच पुटपुटले. दुसऱ्या दिवशी ते उजवा हात शर्टाच्या आत बांधून आले. लक्ष्मीबाई नगरापासून तसेच, बसने. दांडा डावीकडे गेला. आईचा दुपारचा चहा सुरू झाला. दोन कप.

पुढे काही वर्षांनी कंपवाताने काकांचेच पाय अडू लागले. त्यांच्या क्वार्टरच्या बाथरूमला मात्र वीतभर कट्टा होता. "सरकारी घर, विटेला हात लावायचा नाही," ते हसून सांगत. मुलगा धरून न्यायचा.

आमच्याकडे ते शेवटचे आले तेही त्याच्याच आधाराने. चहा झाला. काका उठले, बाथरूमच्या दिशेने बघत राहिले. मुलगा उठू लागला तसं त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि भिंतीच्या दांड्याला धरून, पाय घासत एकटे निघाले. अर्ध्या वाटेत थबकले. मी धावलो.

तोच मागून आई कडाडली, "खाली बस. एवढी मापं त्यांनी काय तू मागे धावावंस म्हणून घेतली होती?"