मामांची लाल फुली

माझे सासरे कुठल्याही वस्तूकडे अशा नजरेने बघत, की तिने काहीतरी लपवलंय आणि आता मुकाट्याने कबूल करावं. चाकणच्या एका कंपनीत बाहेरून येणारा माल तपासण्यात त्यांचा जन्म गेला. खराब नगावर लाल पेंट मार्करने फुली मारायची, हे त्यांचं काम. रिटायर झाले तरी मार्कर खिशातच राहिला. नासका नारळ, सैल बिजागरी, सगळ्यांवर फुली. मला बघायला आले तेव्हाही त्यांचा हात खिशाकडे गेला होता, असं माझी बायको सुनंदा अजून शपथेवर सांगते.

मी त्यांना मामा म्हणायचो, ते मला पाव्हणं. त्यांनी कशालाही चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नाही. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "फुली न्हाई म्हंजे पास. त्यात बोलायचं काय?" त्यावर मी इतकी वर्षं संसार रेटला.

कोंबड्यांशी त्यांचं कधीच जमलं नाही. कोंबड्या मामींच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या. मामी गेल्या तेव्हा त्यांची तांबडी कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. दिवसकार्याच्या गडबडीत पिल्लं निघाली. जुनं खुराडं पार कुजलेलं. मामा परड्यात उभे राहून म्हणाले, "पाव्हणं, नवं बांधायचं. तिच्या माघारी यातलं एक जरी गेलं, तर ती मला सोडायची न्हाई."

मी वाकडला फ्लॅटमध्ये राहतो. कोंबडी मला ताटातच ओळखता येते. म्हणून उत्साह जास्त. आधी कंपन्यांच्या भंगारातल्या पॅलेटच्या फळ्या नेल्या. आमच्याकडे अर्धे गोठे त्याच फळ्यांचे असतात. मामांनी फळी हुंगली. "हिच्यावर काय काय सांडलंय, कुणाला ठाऊक?" फुली. मग दुकानातून ऑइलपेंटचा डबा नेला. "मामा, दुकानदार म्हणाला, याला अजिबात वास येत नाही."

"व्हय? मंग त्यो लपीवलाय." डब्यावर फुली. "आन् पाव्हणं, कोंबडी भिंत बघत बसत न्हाई, टोचती. पोपडा निघाला की पोटात."

जमिनीसाठी आमच्या फ्लॅटच्या उरलेल्या चकचकीत फरश्या नेल्या. धुतलं की स्वच्छ, असा माझा हिशेब. मामांनी एक पिल्लू अलगद फरशीवर ठेवलं. त्याचे पाय दोन दिशांना सरकले आणि ते पोटावर बसलं. मामांनी ते उचलून खिशाशी धरलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की फुली फरशीवर पडली हे मी माझं नशीब समजलो.

शेवटी विटांच्या भिंती, खाली खरबरीत कोबा, त्यावर भाताचं तूस आणि आतून चुना, असं ठरलं. पण चुन्यावरही त्यांचा विश्वास नव्हता. चांगला वाळल्यावरही म्हणाले, "तुमी आत बसा आधी."

"मी?"

"मंग काय पिल्लं बसवू?"

मी गुडघे छातीला लावून आत बसलो. त्यांनी दार लावलं. बाहेरून चौकशी सुरू. "डोळं चुरचुरतात का?" "नाही." "घसा?" "नाही." "खरं सांगताय ना?" जावयाची एवढी विचारपूस मानपानातही झाली नव्हती. मी बाहेर आल्यावर त्यांनी तूस मुठीत दाबून ओल बघितली, भिंतीला कोपर घासून बघितलं. एका कोपऱ्यात चुन्याचा हात पातळ बसला होता. "हितं परत मारायचा," म्हणत त्यांनी सवयीने तिथे फुली मारली.

त्या कोपऱ्याला दुसऱ्या दिवशी चुना लावायचं ठरवून पिल्लं आत सोडली. दाण्याकडे एकही गेलं नाही. सगळी धावली ती थेट त्या लाल फुलीकडे, आणि लागली टोचायला. एकाची चोच लाल. मामा ओरडले, "अरं, हटा!" मग कमरेतून वाकून आत घुसले, एकेकाला बाहेर काढलं. लाल चोचीचं पिल्लू धोतराच्या सोग्याने पुसत दिवसभर मांडीवर घेऊन बसले. जेवले नाहीत. मध्येच पुटपुटत होते, "बघ गं बाई, मीच केलं."

संध्याकाळी पिल्लू मांडीवर घाण करून दाण्यांकडे पळालं. मामांनी धोतराकडे बघितलं, खिशातला मार्कर काढला आणि माझ्या हातात दिला. "फेकून द्या. माल पास व्हता, पाव्हणं. इन्स्पेक्टर रिजेक्ट." फुली खरवडून काढून तिथे चुना मी लावला. तो त्यांनी तपासला नाही.

पुढे ते अंथरुणाला खिळले. शेवटच्या भेटीत मी निघताना त्यांनी मला पहिल्यांदा बघितलं होतं तसं डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा. म्हणाले, "बघून झालं. सावकाश जावा."

आता सुट्टीला आम्ही गावी जातो, कोंबड्यांचं बघतो. परवा खुराड्याला पुन्हा चुना दिला. वाळल्यावर आत जाऊन बसलो, दार ओढून घेतलं. बाहेरून कोणी काही विचारेना. बऱ्याच वेळाने सुनंदाचा आवाज आला, "अहो, आत काय करताय?"

"तपासतोय."

"डोळे चुरचुरतात का?"

"हो."

"मग चुना ओला असेल."

"नाही," मी म्हटलं, "चुना वाळलाय."