आम्ही काम सोडलं तेव्हा

गुलबर्ग्याच्या कॉलेजात मी समाजशास्त्र घेतलं, कारण हॉस्टेलातल्या एका मोठ्या मुलीनं, अक्कानं, त्या विषयाची जुनी पुस्तकं मला फुकट दिली होती. सर कन्नडमधून शिकवायचे. एके दिवशी म्हणाले, समाज म्हणजे शरीर. प्रत्येक अवयवाचं आपलं काम. एकानं थांबवलं की सगळं शरीर आजारी पडतं. मी उतरवून घेत होते, पण तिथंच थांबले. आमच्या घरानं तर काम थांबवलं होतं.

आम्ही बौद्ध. माझ्या जन्माआधी धर्म बदलला, तोवर आमच्या खजुरी गावात मेलेली जनावरं ओढून न्यायचं काम आमच्या आळीकडं होतं. सुट्टीत गावी गेले तेव्हा माझे वडील, अप्पा, अंगणात तूर बडवत होते.

"अप्पा, आपण काम सोडल्यावर गावाचं काय झालं?"

"कामून इचारायलीस?"

"कॉलेजात शिकवायलेत."

अप्पांनी काठी खाली ठेवली. "एका धनगराचा बैल मेला. दोन दिस दारातच पडून व्हता. शेवटी त्यानं आन् त्याच्या भावानं दोर लावला, माळावर नेऊन पुरला. लई रडला."

"लाजेनं?"

"न्हाई गं. बैल त्याचा व्हता. आधी आम्हीच न्यायचो, त्याला कधी बघावं लागलं न्हाई."

"मग गाव आजारी पडलं का?"

"गावाला काय व्हतंय! आम्हाला कुणी कामावर बोलवंना. उपाशी आम्ही राहिलो."

परत आल्यावर मी वर्गात उभी राहिले आणि हे सांगितलं. मागं कुणीतरी हसलं. सरांनी पुस्तक मिटलं, तेवढ्यात घंटा झाली.

मला अभिमान वाटला असं म्हटलं तर खोटं होईल. आमची जात आता सगळ्यांना कळली होती. त्या दिवशी मेसमध्ये मी भिंतीकडं तोंड करून जेवले.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "पुस्तकात उपाशी राहिलेल्यांबद्दल काही नाही. तुमच्या अप्पांना आणखी विचारा. लिहून आणा."

मग दर सुट्टीत मी वही घेऊन अप्पांपुढं बसायला लागले. आधी ते वैतागायचे, "एवढं शिकून हेच इचारायचं व्हतं व्हय?" पुढं पुढं मात्र स्वतःच आळीतल्या म्हाताऱ्यांना हाक मारायचे. "या, पोरगी लिहून घ्यायलीय."