चिंचेत भिजलेला नळ

सातपूरच्या कारखान्यात नळांचे नमुने बनवणारा गोरक्ष जन्माचा भित्रा. प्लंबरची मनधरणी नको म्हणून त्याने पान्याशिवाय, हातानेच उघडून वायसर बदलता येईल असा पितळी नळ बनवला आणि पहिला घरच्याच मोरीत बसवला.

दिवाळीच्या साफसफाईत बघतो तर भिंतीत नुसतं भोक! त्याच्या आईने, कुसाबाईंनी, नळ काढून भांड्यांबरोबर चिंचेच्या पाण्यात टाकला होता. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली. नळ निघाला की आपोआप मिटणारी, भोकाच्या आतली हरभऱ्याएवढी काळी झडप एकटीच सगळं पाणी अडवून होती. गोरक्ष मोरीच्या दारातूनच ओरडला.

"आई, हात लावू नकोस!"

"वरडतो काय? आतलं एवढंच काळं राहिलंय, निघत नाय," म्हणत कुसाबाईंनी भोकात सुरी घातली.